गुळाची फायनल

आईस हॉकी हा शब्द काढला की लोक हसतात. इथं बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो. आम्ही खेळतो ती रोलर हॉकी, म्हणजे चाकांचे स्केट्स, सिमेंटची रिंक, बाकी राडा सगळा तोच. मी गोलकीपर होते. होते म्हणते कारण आता नाय, तेच सांगायला बसलेय.

आमची लीग छोटी, शहरातल्या चार टीम आणि एक वाळूजची. वाळूजवाले आणि आम्ही एकमेकांना डोळ्यापुढं नको. का ते कुणालाच आठवत नाय, पण त्यांची टीम टेम्पोतून उतरली की आमची पोरं पाण्याचा माठ आत नेऊन ठेवायची.

या वर्षी प्लेऑफला गेलो तेव्हाच पप्पांनी मला बसवून सांगितलं. पुढचं वर्ष दहावीचं. ट्रॉफी आणली तर खेळ, मी एक शब्द बोलणार नाय. नाय आणली तर पॅड विकायचे आणि क्लास लावायचा. पप्पा वाळूजलाच कंपनीत सुपरवायझर आहेत, त्यांचं बोलणं तसंच, एकदा ठरलं की ठरलं. मी म्हणलं, चालतंय. लई भरवसा होता मला.

फायनल तीन मॅचची, दोन जिंकल्या की ट्रॉफी. पहिली आमच्या रिंकवर, जिंकलो. दुसरी त्यांच्याकडं, एका जुन्या शेडमधे. आता आमच्यात पद्धत अशी की ज्यांची रिंक त्यांनी फरशी धुवायची, आणि इंटरव्हलला पोछा मारायचा. त्यांनी इंटरव्हलला पोछा मारला तो साबणाच्या पाण्याचा. आणि फक्त आमच्या बाजूला. आमची पोरं अशी आपटायला लागली की त्यांचे प्रेक्षक मोबाईल काढून शूटिंग करत होते. हरलो.

आमचा कॅप्टन, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, कॉलेजला आहे, तो पंचांच्या अंगावरच गेला. "सर, आजपासून नियम करा. एकदा मॅच सुरू झाली की फरशीला कुणी हात लावायचा नाय. पोछा नाय, झाडू नाय, काहीच नाय." पंच वैतागले होते, म्हणाले ठीक आहे, दोन्ही कॅप्टनना मान्य असेल तर. वाळूजची कॅप्टन एक उंच पोरगी आहे, वेणी हेल्मेटच्या बाहेर लोंबते. ती म्हणाली, "मान्य. लिहून देऊ का?" आणि हसली.

तिसरी मॅच आमच्याकडं. सकाळी फरशी धुवायला गेले तर दादा बादलीत गूळ कालवत बसलेला. आता गूळ आम्ही नेहमीच टाकतो, फरशी जास्त गुळगुळीत झाली की मूठभर, म्हणजे चाकं जरा धरतात. पण यानं अर्धी ढेप टाकलेली. काकवी झाली होती बादलीत.

"दादा हे काय?"

"साबणाचं उत्तर. गेटकडच्या अर्ध्यात टाकायचं. पहिल्या हाफला बाजू आपण निवडणार, त्यांना तिकडं उभं करायचं. इंटरव्हलला गरम पाण्यानं पोछा मारला की साफ. मग आपण तिकडं."

"आणि नाय निघालं तर? तिथं मी उभी राहणारे."

"तू बॉल अडव. फरशीचं मी बघतो."

मी पोछा खाली टाकला आणि बाजूला जाऊन बसले. बाकीच्यांनी मारला. गोलजवळ तर उरलेली बादलीच ओतली.

संध्याकाळी मॅच. पप्पा पहिली शिफ्ट करून तसेच आले होते, कंपनीच्याच शर्टवर, कठड्याला टेकून उभे. वाळूजवाले आमच्याकडं येताना भन्नाट यायचे, पण त्यांच्या अर्ध्यात गेले की चाकं चर्र चर्र करायची. त्यांचा कीपर गुडघ्यावर बसला की उठायलाच येईना. दोन गोल केले आम्ही. आमचे प्रेक्षक ओरडत होते, "ए वाळूज, फेविकॉल लावलाय का?"

मग मी बघितलं. त्यांची कॅप्टन वाकली, हातमोजा काढला, बोट फरशीला लावलं आणि चाटलं. मला वाटलं आता पंचांकडं जाईल. नाय गेली. माझ्याकडं बघितलं, मोजा घातला, खेळायला लागली.

इंटरव्हल झाला. आमची दोन पोरं गरम पाण्याच्या बादल्या घेऊन आत आली. त्यांची कॅप्टन मधेच येऊन उभी राहिली.

"सर, नियम."

पंच म्हणाले, "कुठला?"

"यांच्याच दादानं केलेला. फरशीला हात लावायचा नाय. हाय तशीच खेळू, आमची काय तक्रार नाय."

दादा म्हणाला, "अगं तो नियम साबणासाठी होता. ही नुसती घाण झालीय."

"झालीय ना. कुणी केली?"

पंचांनी बादल्या बाहेर न्यायला लावल्या. दादाचं तोंड बघण्यासारखं होतं, पण मला बघायला वेळ नव्हता, मला त्या गोलमधे जायचं होतं. गेले तर मुंगळे. काळे, मोठे, गेटखालून रांग लावून आलेले. फरशी दिवसभर तापलेली, गूळ पार चिकट झालेला. मी दादाला म्हणलं, "तू ये ना इथं. ये, उभा राहा." तो तिकडं बघत शिट्टीची वाट बघत राहिला.

पहिल्या गोलला बॉल सरळ आला, पॅडला लागला आणि मी उठेपर्यंत दुसऱ्यानं आत ढकलला. पॅडमधे मुंगळे शिरले होते, मांडीला चावत होते. दुसऱ्या गोलला मी उजवीकडं सरकायला गेले, पाय तिथंच. शेवटच्याला तर ती स्वतः आली, वेणी उडत, हळूहळू, घाईच नव्हती तिला. "उचल की पाय, बाई," म्हणाली, आणि डावीकडून टाकला. बॉल माझ्यापासून हातभर लांबून गेला. मला दिसत होता.

ट्रॉफी टेम्पोत बसून वाळूजला गेली. दादा म्हणाला, "लकी होते साले." मी हेल्मेट त्याच्या पायावर टाकलं. त्यानंतर त्याच्याशी बोलले नाय, बोलणार पण नाय.

गाडीवर मी पप्पांना सगळं सांगितलं, गूळ, नियम, सगळं. पप्पा ऐकत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "ट्रॉफी आली का?"

"पप्पा, मी नव्हता टाकला गूळ."

"मी ते विचारलं का?"

रविवारी त्यांनी गच्चीवर पॅड धुतले, ब्रशनं, एकेक पट्टा उघडून. मी जिन्यात बसून बघत होते. मदत नाय केली.

आणि घ्यायला कोण यावं, तर तीच. पप्पांच्या कंपनीत तिचे वडील आहेत, तिथून कळलं. वेणी, साधा ड्रेस, दारात उभी. "आमच्या कीपरचे पॅड तुमच्या गुळानं कडक झाले," म्हणाली, "धुतले तरी वाकत नायत." पप्पांनी तिला पाणी दिलं. तिनं पॅड उलटसुलट करून बघितले, पट्टे ओढून बघितले, आणि आत हात घालायला लागली.

मी म्हणलं, "बघून. आत मुंगळे आहेत अजून."

तिनं हात झटकन काढला. मग खाली बसून, एकेक बोट घालत, सगळं आतून चाचपलं. बराच वेळ. मी दाराला टेकून बघत होते.

एक पण मुंगळा नव्हता. पप्पांनी दोनदा धुतले होते.