हलक्या पायांचा बांध

तलावावर इंजिनिअर म्हणून रुजू व्हायला गेले त्या सकाळी बांधाच्या पायथ्याशी एक म्हातारा उकिडवा बसला होता. हातातला काचेचा ग्लास सूर्याकडे धरून, एक डोळा मिटून, तो काहीतरी बघत होता. मला वाटलं, झालं, आपल्या नशिबी चौकीदारही सकाळी सकाळी लावणाराच आला. मी वरूनच आवाज चढवला. म्हातारा सावकाश उठला, चढ चढून आला आणि ग्लास माझ्यापुढे करून म्हणाला, "प्या की म्याडम. निवळ हाय." मी प्यायले नाही. त्यांनीच एका घोटात तो संपवला आणि खांद्यावरच्या टॉवेलला तोंड पुसलं. हे भानूतात्या.

मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. ते पाणी पायथ्याच्या चारीत उतरतं. ते निवळ असेल तर घोर नाही. गढूळ झालं तर समजायचं, पाणी आतली माती घेऊन येतंय, बांध पोखरला जातोय. हे मी कॉलेजात चार वर्षं फी भरून शिकले होते. तात्या चौथीतून शाळा सोडलेले. त्यांचं म्हणणं एवढंच, "निवळ हाय तवर जेवावं. गढूळ झालं की ताट सोडून उठावं." बांधाच्या खाली हाकेच्या अंतरावर वाडी होती. तात्यांचं घर तिथंच, आणि त्या घरात बारा वर्षं बाजेवर पडून असलेल्या त्यांच्या बायको, रखमाकाकू. अर्धांगवायूनं एक अंग गेलेलं. तात्या त्यांची वेणीसुद्धा स्वतः घालायचे.

तलाव इंग्रजांच्या काळातला, दुष्काळी कामावर बांधलेला. आमच्या माढ्याच्या ऑफिसात त्याचा मूळ नकाशा होता, कापडावर चिकटवलेला. त्यात बांधाच्या पोटातून पाणी अडवणारी चिकणमातीची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या शाईत काढलेली. काय ती रेघ, कुठं केसाइतकी हललेली नाही. मी मोठ्या कौतुकानं तो नकाशा तात्यांना दाखवायला नेला. त्यांनी हात मागे बांधूनच तो पाहिला.

"नकाशा सायबानं काढला म्याडम. माती आमी टाकली."

मग त्यांनी मला सातव्या दगडापाशी नेलं. बांधावर अंतराचे दगड आहेत. सातव्या आणि आठव्याच्या मधे पूर्वी ओढा वाहायचा. तात्यांची पणजी त्या कामावर पाट्या टाकायला होती. मातीचा थर टाकला की त्यावर बैल फिरवून तो तुडवायचा, असा नियम. पण काम ओढ्यापाशी पोचेपर्यंत मुलखातली जनावरं चाऱ्यावाचून मेली होती. आभाळ भरून आलेलं, ओढा बुजवायची घाई. मग माणसंच ओळीनं उभी केली तुडवायला, बायका, पोरं, सगळी. "पर उपाशी माणसाच्या पायाला वजन कुटलं असतंय?" तात्या म्हणाले. "पणजी मरंस्तवर सांगायची, हितं आमचं पाय लई हलकं पडलं." तेवढ्या तुकड्यावरून तात्या रोज अनवाणी, टाचा दाबत चालायचे. मी एकदा हसून विचारलं, तुमच्या एकट्याच्या वजनानं काय होणार? म्हणाले, "काय न्हाय हुनार. पर चालतो."

वाडी मात्र त्यांना हसायची, आणि त्याला कारणही होतं. मी येण्याच्या आधी एका पावसाळ्यात चारीचं पाणी गढूळ दिसलं म्हणून तात्यांनी बोंब मारून अख्खी वाडी माळावर चढवली होती. दुपारी कळलं की वरच्या वळणाला कुणाची तरी म्हैस चारीत डुंबत होती. झालं. ऑफिसनं मेमो दिला, आणि वाडीनं नाव पाडलं, म्हसवाला तात्या. पोरं त्यांना बघून हंबरायची. त्याचा त्यांना राग नव्हता. "म्हस निगाली हे बरं झालं की. दुसरं काय निगालं असतं, मंग?" असं ते विचारायचे. भीती ही त्या माणसाची नोकरी होती. मला वाटायचं, एवढं भ्यायचं तर जगायचं कधी?

मग ते हस्ताचं नक्षत्र आलं. आमच्याकडे पडतो तो परतीचाच पाऊस, पण त्या वर्षी त्यानं पाच दिवस डोळा उघडला नाही. तलाव भरून सांडव्यावरून हातभर पाणी चाललेलं. सकाळी आठला तात्यांचा फोन.

"म्याडम, पानी च्यासारखं झालंय. दुधाच्या."

आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "तात्या, म्हैस नाही ना?"

पलीकडं नुसता पाऊस ऐकू आला. मग म्हणाले, "न्हाय म्याडम. सगळी चारी फिरून आलो म्या."

मी त्यांना सांगितलं, मी निघतेय, मी बघेपर्यंत वाडीत काही बोलू नका. खरं सांगते, मला बांधाची भीती नंतर वाटली. आधी वाटली ती ऑफिसातल्या साहेबांची आणि हसं होण्याची. तासाभराची वाट, पण ओढ्यांना पाणी, दोनदा गाडी मागे घ्यावी लागली. तिसऱ्या ओढ्यापाशी मला ती वाडी दिसायला लागली. दारातली चूल, बाजेवरच्या रखमाकाकू. तात्यांना परत फोन लावला तर लागेना. मी ड्रायव्हरला नुसतं चल चल म्हणत होते, आणि तो बिचारा चालवतच होता.

पोचले तेव्हा वाडी रिकामी होती. माळावर छत्र्या, इरली, गुरं, सगळी गर्दी. तात्यांनी अर्धा तास माझी वाट बघितली होती, केवळ मी म्हटलं म्हणून. पाणी आणखी दाट झालं तेव्हा ते घरोघर फिरले. माणसं दारातूनच म्हणाली, "तात्या, आज कुणाची म्हस?" कुणी हललं नाही. तेव्हा ते आपल्या घरात शिरले, रखमाकाकूंना बाजेसकट उचलायला दोन पुतण्यांना लावलं आणि ती बाज भर पावसात वाडीच्या मधल्या रस्त्यानं माळाकडे निघाली. काकू बारा वर्षांत उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. बाज बघितल्यावर मात्र कुणी हसलं नाही. ज्याला जे हाती लागलं ते घेऊन लोक मागोमाग चढले.

सातव्या आणि आठव्या दगडांच्या मधला उतार त्यानंतर तासाभरात खचला. बैलगाडी मावेल एवढा. मी समोरच उभी होते. वाडीतले पन्नास गडी तात्यांच्या शब्दावर परत खाली उतरले. वाळूची पोती टाकली, पाणी सोडायच्या मोरीचे दरवाजे पूर्ण उघडले, दोन दिवसांनी तलाव उतरला. बांध राहिला. वाडी राहिली.

रखमाकाकू राहिल्या नाहीत. माळावर भिजल्या, छातीत कफ झाला, आठव्या दिवशी गेल्या. मी थांबायला लावलं त्या अर्ध्या तासात बाजेवर ताडपत्री बांधून झाली असती. मी तात्यांसमोर बसून रडले आणि तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुमी भ्यायलाच हवं हुतं म्याडम. निसतं चुकीच्या गोष्टीला भ्यालात."

उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी तो तुकडा खोदला. निळ्या शाईची ती भिंत तिथं नव्हतीच. भुसभुशीत काळी माती. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. तात्या शेजारी उभे होते. त्यांनी पायातली चप्पल काढून नमस्कार केला, बांधाला की पणजीला, ते मी विचारलं नाही.

तात्या गेल्या वर्षी गेले, साध्या तापानं. माझी बदली सोलापूरला झाली आहे. तो तुकडा नव्यानं भरला, आता रोलर फिरवून. पण बाकीचा बांध कुणाच्या पायांनी तुडवलाय, ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. त्यांचा ग्लास माझ्याकडे असतो. आज पुन्हा हस्त लागलाय, सकाळपासून धार धरलीय. त्या तलावाशी माझा आता कागदोपत्री काही संबंध नाही, तरी मी तिथल्या नव्या चौकीदाराला फोन लावला.

"पाणी कसंय चारीचं?"

"निवळ हाय म्याडम."

"ग्लासात धरून बघितलंस?"

पलीकडं नुसता पाऊस ऐकू येत होता.

"खाली लई निसरडं झालंय, म्याडम. वरनं बघितलं की."

मी त्याला म्हटलं, तसाच खाली उतर, आणि निवळ की गढूळ ते ठरायची वाट न बघता वाडीत सांग, बाया-पोरांना माळावर न्या. म्हाताऱ्यांना आधी, ताडपत्री घालून. तो म्हणाला, "पर म्याडम, लोक हसतील."

"हसू देत," मी म्हटलं, ग्लास पिशवीत टाकला आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.