आधी मिस्त्री, मग गिऱ्हाईक

धाड गावात फवारणीचे पंप दुरुस्त करणारा आमचा मिस्त्री भलता हट्टी. दुरुस्त केलेलं यंत्र आधी स्वतः चालवणार, मगच गिऱ्हाइकाला देणार. मासेमारीसाठी मी भंगारातून आणलेलं नावेचं इंजिन त्यानं मोपेडचा प्लग अन् पंपाची नळी लावून जिवंत केलं. "नवे पार्ट कायले, भाऊ? हे मेलं थोडीच हाय!"

धरणाच्या काठावर मात्र तो थबकला. त्याला पोहता येत नव्हतं.

"मीच चालवून पाहतो," मी म्हणालो.

"नाही. आधी मी."

ट्रकची ट्यूब कमरेला अडकवून, डोळे गच्च मिटून त्यानं नाव हाकली. मी समोर बसून "डावीकडे, उजवीकडे" ओरडत होतो. काठाला लागल्यावर त्यानं डोळे उघडले.

"आवाज बराबर हाय," तो म्हणाला. "धरण कसं हाय, ते तुमीच सांगा."