रांगोळीसाठी बुजवलेल्या फटी

ऐंशीच्या दशकात शिरवण्याजवळ एका कारखान्याच्या कॉलनीत पोहण्याचा तलाव बांधायचं काम माझ्याकडे होतं. कॉलनीच्या क्लबचे अध्यक्ष, म्हणजे आमचे साहेब, नुकतेच परदेशात जाऊन आले होते. तलावाभोवतीचा काँक्रीटचा कोबा कसा टिकवावा, याचं एक पुस्तक त्यांनी आणलं होतं, तेही थंड देशांसाठी लिहिलेलं. बर्फाने कोबा फुटू नये म्हणून काय काय करावं, ते साहेब मला भर मे महिन्यात वाचून दाखवायचे. मी घाम पुसत ऐकायचो आणि डोक्यात नुसती तिडीक जायची.

त्या अख्ख्या पुस्तकात आमच्या कामाची गोष्ट एकच होती. काँक्रीट उन्हाने फुगतं, गारव्याने आकसतं, म्हणून मध्ये मध्ये फटी ठेवा. त्या मी ठेवल्या आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांत भरायला, काँक्रीट फुगलं की दबणारं डांबर आणायला ठाण्याला गेलो.

परत येऊन बघतो तर सगळ्या फटी सिमेंटने गच्च बुजवलेल्या! महिला मंडळाला तलावाभोवती मोठी रांगोळी काढायची होती आणि फटी मध्ये येत होत्या. परवानगी कोणी दिली? साहेबांनीच. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोडून काढतो. "पाहुणे यायच्या वेळी कसली तोडफोड करताय?" म्हणून साहेबांनी मलाच झापलं. नंतर तर तो विषयच कुणी काढू देईना.

रांगोळी उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी धुतली गेली. पुढच्या उन्हाळ्यात कोबा आडवातिडवा तडकला. साहेबांनी मला बोलावून घेतलं, तडे दाखवले आणि विचारलं, "इथे तर बर्फही पडत नाही, मग फुटलं कसं?"