मायच्या मापाचा ओटा

घर बांधून झालं की अंगणात वाळू उरते, फुटक्या विटा उरतात, रंगाचे अर्धे डबे उरतात. ते सगळं शेजारी मागून नेतात. किस्से मात्र कोणी मागून नेत नाही! ते घरातच साठत जातात आणि चार माणसं चहाला बसली की बाहेर येतात. माझ्याकडे तर एका घराचे नाही, तीन घरांचे साठलेत.

आदिलाबादला आमच्या शाळेतल्या तीन मास्तरांनी एकाला एक लागून प्लॉट घेतले, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पाटील सर मराठी शिकवायचे, नरसय्या सर सायन्स आणि मी गणित. पाटील सर आणि मी तामसीकडच्या एकाच गावचे. नरसय्या सरांची मातृभाषा तेलुगू, पण आमच्यात राहून त्यांची मराठी आमच्यासारखीच झालेली. तिघांचा मेस्त्रीही एकच, पोशेट्टी.

घर बांधायची कारणं मात्र तिघांची वेगळी. पाटील सर घरमालकाला कंटाळले होते. नरसय्या सरांना दारात आंब्याचं झाड पाहिजे होतं. मला माय आणायची होती. बाप गेल्यापासून ती गावात एकटीच राहत होती, आणि कितीदा बोलावलं तरी एकच सांगायची, "भाड्याच्या घरात मी नाही येत. तुह्यं सोताचं होऊ दे, मंग पाहू."

'पाहू' म्हणायची. 'येतो' असं काही तिनं एकदाही म्हटलं नाही!

* * *

पहिला वाद स्वयंपाकघरातल्या ओट्याचा. वर दगड कोणता बसवायचा? नरसय्या सर म्हणाले, "दुकानदार काय, सगळेच चांगले म्हणतो. आपण प्रयोग करू!"

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या टेबलावर दगडांचे तीन तुकडे हजर. तांदूरची फरशी, काळा कडप्पा आणि करीमनगरकडचा ग्रॅनाइट. सरांनी खडूनं त्यांना रोल नंबर दिले. प्रत्येकावर लिंबाची फोड, चिंचेचा कोळ आणि चिमूटभर हळद ठेवली. मधल्या सुट्टीत पुसायचं, डाग पाहायचा आणि वहीत मार्क लिहायचे. दोन दिवस आम्ही जेवणाचे डबे मांडीवर ठेवून खाल्ले, पण परीक्षेत कॉपी होऊ दिली नाही.

तिसऱ्या दिवशी न सांगता शिक्षण खात्याचे मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला आले आणि सरळ स्टाफरूममध्ये शिरले. टेबलावर दगड, दगडांवर लिंबं! हेडमास्तरांना घाम फुटला. "सायन्सचा प्रयोग आहे, साहेब," ते कसेबसे म्हणाले.

साहेबांनी चष्मा पुसला, वाकून तिन्ही दगड पाहिले, वहीतले मार्क वाचले आणि वर्गांकडे गेले. जाताना जीपपाशी त्यांनी नरसय्या सरांना एकट्यालाच बाजूला घेतलं. आम्ही म्हटलं, झालं, मेमो!

सर परत आले ते हसतच. साहेबांनी विचारलं होतं, "कडप्पा पास झाला का हो? माझ्या घरी उद्या बसवून राह्यले!"

कडप्पा काठावर पास झाला होता. पहिला नंबर अर्थातच ग्रॅनाइटचा, पण ज्याचा पहिला नंबर तो मास्तरांच्या घरी कुठला येतो? नरसय्या सरांनी पोटाला चिमटा घेऊन तो घेतला, मी कडप्प्यावर समाधान मानलं.

* * *

पाटील सरांनी भिंतींचा रंग दुकानात ट्यूबलाइटखाली निवडला. कार्डावर तो पिस्ता दिसत होता. भिंतीवर चढला आणि अगदी सरकारी दवाखान्याचा हिरवा झाला!

"वाळल्यावर उतरन," सर म्हणाले. वाळल्यावर तो आणखी हिरवा झाला.

राहायला येऊन आठवडाही झाला नसेल. सकाळी इंद्रवेल्लीकडचे एक म्हातारे बाबा ओसरीत येऊन बसले. सर दात घासत बाहेर आले, तर बाबांनी त्यांना पाहून जीभ बाहेर काढली. सरांना काही कळेना. मग बाबांनी विचारलं, "नळी नाही लावत का छातीले?"

पाटील सरांच्या आई, म्हणजे आमच्या गावच्या पाटलीणबाई, गुडघे धरून खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुखणेकरी इथं लय हाय बापा, डाक्टरच नाही!"

सरांनी बाबांना चहा पाजला, स्कूटरवर मागं बसवून खऱ्या दवाखान्यात नेलं आणि औषध मिळेपर्यंत तिथंच थांबले. त्या दिवशी शाळेत त्यांच्या दोन तासांना मी गणित घेतलं. मुलं रडकुंडीला आली. पुढे मी एकदा विचारलं, "सर, रंग काऊन नाही बदलत?" तर म्हणाले, "राहू दे. बिचारा भरोशानं आला होता."

* * *

आता पोशेट्टी मेस्त्री. माणूस बुटका, डोक्याला लाल टॉवेल, बोलणं निम्मं तेलुगू आणि निम्मं हिंदी. शाळेत किती शिकला होता, देव जाणे. पण ओट्याची उंची तो कधी टेपनं मोजायचा नाही. घरातल्या बाईला परातीत भाकर थापायला सांगायचा. थापताना तिचं कोपर जिथं येईल, त्या मानानं भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची, झालं माप! "टेप को कमर नहीं दुखती, सार," असं त्याचं म्हणणं.

नरसय्या सरांच्या घरी वहिनींनी भाकर थापली, रेघ ओढली. सर म्हणाले, "दोन इंच वर घे, मॉडर्न दिसेल." मेस्त्रीनं परात उचलून सरांच्या हातात दिली.

"तो रोज आप पकाओ, सार!"

रेघ होती तिथंच राहिली.

* * *

माझ्या घरी आला तेव्हा त्यानं विचारलं, "अम्मा कहाँ है?" घरच्या बाईला तो अम्माच म्हणायचा. माझी बायको सुशीला परात घेऊन पुढे झाली, पण मीच आडवा आलो. ओटा मायच्या मापाचा पाहिजे होता. मायनं जन्मभर तीन दगडांच्या चुलीवर, धुरात डोळे चोळत भाकरी केल्या. तिच्या मापाचा ओटा दिसला तर 'पाहू' म्हणणारी माय राहीलही, असं माझं गणित! सुशीला हसली आणि परात ठेवून दिली. त्या हसण्याचे उपकार मी अजून विसरलो नाही.

पण माय काही माप द्यायला आदिलाबादला येईना. ज्वारी काढणीला आली होती. मग रविवारी मीच बसनं गावी गेलो. माय भाकरीच थापत होती. मी खिशातून सुतळी काढली, तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत सोडली आणि गाठ मारली.

"काय मापून राह्यला रे?"

"ओट्याचं माप, माय."

"माप बापा. शिकलेला मानूस तू!"

सुतळी रुमालात बांधून आणली, मेस्त्रीच्या हातात दिली आणि त्याच संध्याकाळी आठ दिवसांच्या ट्रेनिंगला निघून गेलो. सुशीलाही पोरांना घेऊन वांकिडीला माहेरी गेलेली.

परत आलो. मेस्त्री दारातच उभा होता, टॉवेल हातात, चेहरा गंभीर. आत गेलो. खिडकीखाली कडप्प्याचा सुंदर ओटा! घोटून घोटून आरशासारखा केलेला, कडा गोल, कोपरे गोल. उंची जेमतेम दीड फूट!

मेस्त्रीनं हळूच विचारलं, "सार, अम्मा इत्ती छोटी है क्या?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माय भाकर थापत होती, पण पिढ्यावर बसून! माझ्या जन्मापासून मी तिला भाकरी करताना उभी पाहिलीच नव्हती. त्यामुळं बसलेली आहे हे डोळ्यांना दिसलं, पण डोक्यापर्यंत पोचलं नाही.

आणि बिचारा मेस्त्री! त्याला वाटलं, म्हातारपणानं अम्मा अगदीच एवढीशी झालीय. पडली झडली तर लागू नये म्हणून त्यानं दोन दिवस बसून सगळे कोपरे गोल केले होते. न पाहिलेल्या माणसासाठी इतकं कोण करतं?

स्टाफरूममध्ये माझं काय झालं असेल ते सांगायला नको. पाटील सर दर तासाला विचारायचे, "सर, उभा त्रिकोण आणि बसलेला त्रिकोण यात फरक काय हो?"

* * *

सुशीला म्हणाली, "तोडा अन् वरती घ्या." मेस्त्री कान पकडून मागं सरला. "अम्मा का नाप है. अम्मा बोलेगी तो तोडूँगा." मग त्यानं समोरच्या भिंतीला दुसरा ओटा बांधायला घेतला, या वेळी सुशीलाच्या हातात परात देऊन. त्यावर घालायला माझ्याकडे दगडच उरला नव्हता. नरसय्या सरांनी त्यांचा उरलेला ग्रॅनाइट स्वतः सायकलवर बांधून आणला, पहिल्या नंबरचा! तो हातभर कमी पडला. तेवढ्या जागेत पाटील सरांच्या हॉलमधून उरलेल्या मोझॅकच्या लाद्या बसल्या.

म्हणजे आमच्या एका ओट्यात तीन घरं आहेत. लोक म्हणतात, मॅचिंग नाही. मी म्हणतो, नसू दे. असे शेजारी मिळाले, आणखी काय पाहिजे माणसाला?

गंमत पुढेच. वांकिडीहून सुशीलाचा भाऊ आला, बुटका ओटा चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "भाऊजी, हे चंद्रपूरकडं निंघालं का नवीन?" मी काही बोलायच्या आत सुशीला म्हणाली, "हाओ, लय महाग पडते." महिन्याभरानं पत्र आलं. त्यानंही तसाच बांधून घेतला होता!

* * *

ज्वारी घरात आली आणि मग माय आली. हातात एक गाठोडं. सगळं घर पाहिलं, ग्रॅनाइटवर बोट फिरवलं, बोट पदराला पुसलं. खिडकीखालचा बुटका ओटा पाहून पहिल्यांदा खूष झाली. "हे बरं केलं," म्हणाली, आणि त्यावर पाण्याच्या घागरी मांडल्या!

"माय, तो भाकरी करायचा ओटा हाय, तुह्या मापाचा."

"एवढ्या चकचकीत दगडावर? काळा होईन ना रे बापा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात धूर दिसला. मेस्त्रीनं टाकून दिलेले तीन दगड मांडून मायनं चूल पेटवली होती. त्या भाकरी आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्ल्या, पण माझं लक्ष बुटक्या ओट्यावरच्या घागरींकडेच होतं. शनिवारपर्यंत गाठोडं काही सुटलं नाही. मग ती म्हणाली, "घर चांगलं हाय. देवावानी मानसं हाय. पण हात कुठी ठेवू तेच समजत नाही. सोमवारच्या बसनं जातो मी."

मी समजावलं, सुशीलानं समजावलं. माय नुसती मान हलवायची.

रविवारी दुपारी ती बुटक्या ओट्याच्या काठावर बसून आंबाडीची भाजी निवडत होती. जाण्याआधी सुनेला भाजी निवडून द्यावी, एवढंच. घागरी एका बाजूला, गाठोडं दुसऱ्या बाजूला. तेवढ्यात मागच्या दारानं काठी टेकत पाटलीणबाई आल्या.

इथं एक सांगायला पाहिजे. पाटलांच्या शेतात मायनं वीस-बावीस वर्षं कापूस वेचला. पाटलीणबाई ओसरीवर आणि माय अंगणात, असंच कायम. पाणीसुद्धा वरून ओंजळीत. तेव्हा सगळीकडे तसंच होतं. पाटील सर आणि मी एका डब्यात खायचो, पण आमच्या दोघांच्या आया शेजारी शेजारी बसलेल्या आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या.

पाटलीणबाईंना जमिनीवर बसता यायचं नाही आणि फार उभंही राहता यायचं नाही. मी हॉलमधून खुर्ची घेऊन पळत आलो. मागून पाटील सरही त्यांच्या घरची खुर्ची घेऊन आले. दोन मास्तर, दोन खुर्च्या, दारातच अडकलो!

माय पदर सावरत घाईघाईनं उठायला लागली.

"उठू नोको वं गिरजा," पाटलीणबाई म्हणाल्या. "सरक जराशी."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मग ओट्याकडे पाहिलं. मग गाठोडं उचलून खाली ठेवलं आणि सरकली.

पाटलीणबाई तिला लागून बसल्या, काठी भिंतीला लावली आणि परातीतून आंबाडीची मूठ उचलून निवडायला लागल्या. आम्ही खुर्च्या हातात धरून तसेच उभे.

भाजी संपत आली तेव्हा पाटलीणबाई म्हणाल्या, "इथं गुडघ्याले बरं वाटते वं. उद्याही येऊ का?"

माय देठ मोडता मोडता म्हणाली, "या ना, बाई. मी कुठी जाऊन राह्यली!"