पुसलेले नंबर

"डिस्कवरचे नंबर कोणी पुसले?" शेठनी विचारलं. प्रश्न खोलीला होता, नजर माझ्यावर.

सातपूरच्या एका डाय, म्हणजे साचे, बनवणाऱ्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. आई गेली म्हणून चांदवडला होतो. तेरावं उरकून आलो, तर हे समोर. मी जाण्याआधीच व्हेंडरनं नवा सर्व्हर बसवून जुन्यावरचा डेटा त्यावर कॉपी केला होता. आता ग्राहकाला एक डाय तातडीनं दुरुस्त करून हवी होती आणि तिचं ड्रॉइंग उघडत नव्हतं. पाहिलं तर अशा कितीतरी फाइल नुसत्या नावापुरत्या होत्या. आत काही नाही. उरल्या होत्या जुन्या सर्व्हरच्या डिस्क. त्या मीच मार्करनं नंबर घालून कपाटात ठेवल्या होत्या. आता नंबर नव्हते.

त्या डिस्क रेडच्या होत्या. रेड म्हणजे एकच डेटा तुकडे करून अनेक डिस्कवर वाटून ठेवायचा. क्रम चुकला, की पुस्तकाची शिवण उसवून पानं विस्कटावीत तसं होतं. अक्षर न् अक्षर शाबूत, पण वाचता काही येत नाही.

"चावी तुमच्याकडे. नवा सर्व्हर नको, हेही तुम्हीच म्हणत होता," शेठ म्हणाले.

"कुणीतरी मुद्दाम केलंय, सर," व्हेंडरचा इंजिनिअर म्हणाला. "जुन्या मशिनवर इनिशियलाइज करून बघू."

इनिशियलाइज म्हणजे कोरी पाटी. हे त्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसेना. जुना डेटा गेला, तर त्याची कॉपी अपुरी होती हे सिद्ध कोण करणार?

"नाही," मी म्हणालो. "आधी प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी प्रत काढू. जे काही करायचं ते प्रतीवर."

"इनिशियलाइज तुम्हालाच का नको, जाधव?" शेठ म्हणाले. " आज ड्रॉइंग मिळालं नाही, तर उद्यापासून येऊ नका. मग पोलीस बघतील."

प्रत काढायला डिस्क हातात घेतली, तर स्क्रूच्या खाचेत पिवळं काही दिसलं. नखानं खरवडलं. हळद. मी टूलरूममध्ये गेलो. फोरमन नाना सटाण्याकडचे, सगळ्यांत जुने.

"नाना, खंडेनवमीला माझ्या डिस्क कोणी काढल्या?"

"मीच! तुम्ही सुतकात. मंग तुमच्या हत्यारांची पूजा राहू द्यायची का?"

"आणि वर लिहिलेले नंबर?"

"मला वाटलं डाग हायेत. घासलेटनं पुसून लय चकाचक केल्या. पाटावर कशा शोभत होत्या!"

"कपाट कोणी उघडून दिलं?"

"शेठनी. त्यांच्याकडं दुसरी चावी नाय का? कुंकूबी त्यांनीच लावलं."

नाना इतक्या कौतुकानं सांगत होते, की रागावता येईना.

परत येऊन प्रतींवर काम सुरू केलं. पृष्ठांक नसलेली पानं लावताना वाक्य कुठे जुळतं ते बघतात, तसंच केलं. एक लांबलचक मजकुराची फाइल धरली. तिचा तुकडा एका डिस्कवर अर्ध्या शब्दात संपला, की उरलेला शब्द कुठल्या डिस्कवर आहे ते शोधायचं. संध्याकाळपर्यंत क्रम लागला. ड्रॉइंग उघडलं. मापं नीट होती.

"कॉपी कम्प्लीट असा मेसेज आला होता, सर," इंजिनिअर पुटपुटला. एकही फाइल उघडून न बघता त्यानं तेवढ्यावर विश्वास ठेवला होता. डाव वगैरे काही नव्हता. मीही त्याच्यावर उगाच संशय घेतला होता.

शेठना मी खंडेनवमीचं आणि त्यांच्या दुसऱ्या चावीचं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"हे सकाळीच का नाही सांगितलं?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं? मी घरी होतो."

त्यांनी चहा मागवला. माफी मागितली नाही.

नव्या सर्व्हरवरच्या फाइल उघडून बघितल्याशिवाय जुन्या डिस्कना कोणाला हात लावू देऊ नये, हे आता स्वतःचा कॉम्प्युटरचा व्यवसाय करताना मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. आणि रजेवरच्या माणसावर संशय येईल, तेव्हा तो नसताना तिथे कोण कोण होतं, हे आधी विचारावं. त्यात आपण स्वतःही असू शकतो.