मावशींची निरीक्षणवही

लहान मुलाकडे नुसतं बघत बसणं हे जगातलं सगळ्यांत मोठं काम आहे, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि तिला मी नापास केलं. शहापूरला एका सरकारी कॉलेजात मी बालविकास आणि मानसशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात पन्नाशीला टेकलेली एक विद्यार्थिनी होती. टोकावड्याहून दोन एसट्या बदलून येणाऱ्या या बाईंना सगळं कॉलेज मावशी म्हणायचं, मीसुद्धा.

मावशी पहिल्या बाकावर बसत आणि पाठ्यपुस्तकावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. नवव्या महिन्यात मूल ठोकळे आपटतं, असं मी सांगितलं की त्यांचा हात वर. "सर, ह्ये बाळ कुनाचं? याला सर्दी पन होत नाय. आमच्याकडं ठोकळे नायत, पोरं वाट्या आपटतात. चालंल का?" चालेल म्हटल्यावर त्या गंभीरपणे पुस्तकातले 'ठोकळे' खोडून 'वाट्या' लिहीत. एसटीत समोर तान्हं मूल असलं की त्यांचा थांबा चुकलाच म्हणून समजा. एकदा त्या थेट तिसऱ्या तासाला उगवल्या. "पोर पायाचा अंगठा तोंडात घालायला बघत व्हतं, सर. जमंना. अर्ध्यात कशी उतरू?" मोठी माणसंही या नजरेतून सुटत नसत. "सर, तुमी खोटं बोलताना चष्मा पुसता," असं त्यांनी मला भर वर्गात सांगितलं होतं. पोरं आठवडाभर माझ्या चष्म्यावर लक्ष ठेवून होती.

आमच्याकडे प्रत्येकाला एका बाळाचं वर्षभर निरीक्षण करून वही लिहावी लागते. प्रत्यक्षात पोरं गेल्या वर्षीची वही उतरवतात. त्यामुळे वह्यांमधली सगळी बाळं वेळेवर रांगतात, वेळेवर बोलतात, आणि आम्ही शिक्षक न वाचता सह्या ठोकतो. मावशींनी मात्र शेजारणीच्या दीड वर्षांच्या सोन्याकडे खरोखरच वर्षभर बघितलं. मी वही चाळली, तर पानोपान तेच. 'हाक मारली. बघितलं नाही. आज पण बोलला नाही.' मला वाटलं, नुसती पानं भरली आहेत. लाल रेघ मारून मी 'पुनरावृत्ती' असा शेरा लिहिला. तोंडी परीक्षेत त्या काही सांगू लागल्या, तेव्हा "मावशी, पुढच्या वर्षी नीट लिहा," म्हणून मी पुढच्या मुलीला बोलावलं. पुढच्या वर्षी मावशी आल्याच नाहीत.

दोन वर्षांनी कपाट आवरताना ती वही हाती आली, आणि मी ती पहिल्यांदा वाचली. 'मागून ताट वाजवलं, वळला नाही. जमिनीवर मुसळ आपटलं, तेव्हा दचकला.' शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'सर, याला ऐकू येत नसेल का? याच्या आईला काय सांगू?' खाली उत्तरासाठी चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. तिथे माझी सही होती.

रविवारी मी टोकावड्याला गेलो. मावशी पडवीत तांदूळ निवडत होत्या. अंगणात सोन्या खेळत होता, कानामागे यंत्र लावलेलं.

"तीन महिनं झालं लावून," मावशी म्हणाल्या. "डाक्टर बोलला, लई आधी आनायचा व्हता."

"मग आधी का नाही नेलंत?" हे विचारायला माझी जीभ कशी रेटली, कोण जाणे.

"तुमी लाल रेघ मारलीत ना. मला वाटलं, माझंच बघनं चुकलं. त्याच्या आईला मी काय बोललेच नाय."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चहा दिला, आणि पुन्हा सुपात बघत म्हणाल्या, "हल्ली येसटीत मी खिडकीबाहेर बघते, सर. थांबा चुकत नाय."

तपासायला शंभर वह्या, परीक्षेचं काम, अशा बऱ्याच सबबी मी वाटेत जुळवून ठेवल्या होत्या. बोलायला तोंड उघडलं आणि हात चष्म्याकडे गेला. मावशींनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी ती नजर माझ्यावर खिळली. मी हात खाली घेतला.

"मावशी, तुमचं बघणं बरोबर होतं. मी वही वाचलीच नव्हती. मला माफ करा."