मावशीने शिवलेला सूर्य

हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत ती चादरी शिवायची, फाटलेले गाऊन जोडायची आणि बोलता बोलता टाचण्या ओठांत धरायची. त्यामुळे सगळे तिला टाचणीमावशी म्हणायचे. घरी ती आणि तिची भाची, दोघीच. भाची दहा वर्षांची, जन्मापासून दिसत नसलेली, आणि प्रश्न विचारून समोरच्याचा जीव खाणारी.

एक दिवस भाची शाळेतून आली ती तणतणतच.

"मावशी, शनी सुंदर आहे म्हणतात. म्हणजे कसा?"

"कडं असतं ना त्याला."

"ते माहीत आहे गं! हाताला कसा लागतो?"

मावशीच्या हातातली सुई थांबली. आकाशात काय आहे याचा तिने जन्मात विचार केला नव्हता. पण पोरीचा प्रश्न तिला चैन पडू देईना. त्याच आठवड्यात तिने चिंध्यांचे आठ गोळे शिवले, शनीला कॉलरमधल्या कडक बकरमचं कडं लावलं आणि पिशवी घेऊन शाळा गाठली.

विज्ञानाच्या बाईंनी एकेक गोळा हातात घेतला. "शिवण काय सुरेख आहे हो तुमची! पण मावशी, हे सगळे एकाच मापाचे झालेत. पृथ्वी वाटाण्याएवढी धरली, तर गुरू मोसंब्याएवढा होतो."

"आणि सूर्य?"

बाईंनी दोन्ही हात पसरले. "माझ्या कवेत जेमतेम मावेल एवढा."

मावशीचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन तिने पिशवी पलंगाखाली सारली आणि दोन दिवस त्या विषयाचं नाव काढलं नाही. मग स्वतःवरच चिडून सगळं उसवायला बसली. "खोटं माप पोरीच्या हातात कशाला द्यायचं?" असं ती शिवणयंत्राला ऐकवत होती.

या वेळी बाईंना विचारून विचारून काम चाललं. बुधासाठी मोहरीहून जरासा मोठा मणी. शुक्रावर दाट ढग, म्हणून त्याच्यावर लोकर. मंगळ मिरीच्या दाण्याएवढा, हाताला वाळूसारखा खरखरीत. गुरूला मखमल आणि जाड कापडाचे आळीपाळीने पट्टे, कारण तिथे ढगांचे पट्टे आहेत आणि एक मोठं वादळ घोंघावतं. त्या वादळाच्या जागी तिने गाठ मारली. शनी गुरूहून थोडा लहान, त्याला पुन्हा बकरमचं कडं. युरेनस आणि नेपच्यून लहानशा लिंबाएवढे. युरेनस आडवा पडून फिरतो हे ऐकल्यावर ती हसून म्हणाली, "आमच्या साहेबांसारखा दिसतोय." सूर्यात जुन्या उशांचा कापूस ठासून भरला, आणि न्यायच्या आधी तो धुलाईखोलीतल्या बॉयलरजवळ ठेवला. हात लावला की ऊब लागली पाहिजे, हा तिचा हट्ट.

शाळेत सूर्य हाताला लागताच भाचीने त्याला मिठीच मारली. मग पृथ्वीचा वाटाणा चाचपला. "आपण एवढ्याशावर राहतो?" आणि लगेच, "मग हा सूर्यापासून किती लांब?"

"याच मापाने धरलं तर रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत," बाई म्हणाल्या. "नेपच्यून मात्र रेल्वेच्या फाटकापाशी जाईल."

"चला मग!"

रविवारी सकाळी सूर्य शाळेच्या फाटकात बाईंपाशी ठेवून मावशी आणि भाची निघाल्या. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ कोपऱ्यापर्यंत आणि त्याच्या थोडं पुढे पटापट उरकले. गुरू बेकरीशी आला. पुढे मात्र चाल संपता संपेना. शनीला बसथांबा मिळाला, युरेनसला पुलापलीकडची लाकडाची वखार. मावशीचे गुडघे बोलायला लागले. "रिक्षा करू का गं?" "मावशी, अंतराळात रिक्षा नसते!" भाचीने हात सोडला नाही, की मावशीने चालणं थांबवलं नाही.

रेल्वेच्या फाटकाशी पोहोचल्यावर मावशी कठड्यावर मटकन बसली. भाचीने नेपच्यून मुठीत धरला आणि आलेल्या वाटेकडे तोंड केलं.

"एवढ्या लांबून सूर्य याला धरून ठेवतो?"

"ठेवतो म्हणतात."

"आणि मधे सगळं रिकामं?"

"जवळजवळ रिकामंच."

पोरीने नेपच्यूनवरची मूठ आणखी घट्ट केली. मावशीचा दमलेला हात आपोआप पोरीच्या पाठीवर गेला.

आता ती ग्रहमाला शाळेतच असते. इतक्या हातांनी चाचपून गुरूची मखमल झिजते, शनीचं कडं मऊ पडतं. मग मावशी सुट्टीच्या दिवशी जाते, वर्गातल्या बाकावर बसते आणि ग्रह पुन्हा मापात आणून देते.